कापलेली पट्टी

सुमनबाईंना सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या एका गल्लीत अडवलं गेलं ते बुधवारी दुपारी, चाराला दहा मिनिटं कमी असताना. दोन वर्षांपूर्वीचा मार्च महिना. दहावीचा गणिताचा पेपर त्याच दिवशी होता. सुमनबाईंचा गुन्हा एवढाच की त्यांच्या डोक्यावर साड्यांचं पोटलं होतं. वेळ मी अंदाजाने सांगत नाही. एका बाईने सगळं मोबाइलवर टिपलं होतं, त्या व्हिडिओच्या माहितीत ती वेळ आहे. व्हिडिओची माहिती कशी काढायची हे मला कॉलेजात शिकवलं होतं.

आता परत तोच मोसम आलाय. झेरॉक्सच्या दुकानात हॉलतिकिटं लॅमिनेट होतायत, प्लास्टिक तापल्याचा वास रस्त्यावर येतो. बारडोलीकडून उसाच्या गाड्या येतात, रसवाल्याच्या चरकाखाली चिपाडाचा ढीग दुपारपर्यंत आंबट होतो. डिंडोलीत आमच्या मागच्या खोल्यांमध्ये लूम चालू असतात, त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत नाही. बंद पडले की मात्र सगळे मान वर करतात. परीक्षा केंद्रांच्या बाहेर आया उभ्या. पोरं आत, आया बाहेर, आणि तीन तास हातात फोन. या दिवसांत फोनमध्ये काय वाटेल ते येतं. पेपर फुटला. केंद्र बदललं. अमक्या भागातून पोरगी उचलली. आई नावाच्या माणसाला वर्षभरात कधी नसते एवढी भीती मार्चमध्ये असते, आणि भ्यालेलं माणूस वाचत नाही, नुसतं पुढे ढकलतं.

हे मी आमच्या पहिल्याच पत्रकात लिहिलं होतं. जवळपास याच शब्दांत.

आमच्या कॉलेजात एक मॅडम होत्या, पत्रकारिता शिकवायच्या. गुजराती, सडपातळ, खांद्याला कायम कापडी पिशवी. खोट्या बातम्या कशा ओळखायच्या हे वर्गात शिकवून काही होत नाही, वस्तीत गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी प्रकल्प मंजूर करून आणला. मराठी वस्त्यांसाठी त्यांना मराठी लिहिणारं कोणी हवं होतं, आणि मी शाळेत असल्यापासून पत्रकं लिहीत आले. पाण्याच्या टाकीसाठी लिहिलं, मराठी माध्यमाची तुकडी बंद होऊ नये म्हणून लिहिलं, मिलमध्ये हातमोजे द्या म्हणून लिहिलं. हातमोज्यांचं पत्रक माझ्या पप्पांनीच सचिन गावातल्या त्यांच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, वाटलं नाही. घडी करून खिशात ठेवलं आणि तसंच धुवायला टाकलं. तर मॅडमनी मला विचारलं तेव्हा मी विचार केला नाही. कोणीतरी मला कामाचं समजलं, तेवढं पुरलं.

बैठका गणपती मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हायच्या, दुपारी. बायका काम घेऊनच यायच्या. धागा कटिंगचं काम. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कटरने कापायचे. मॅडम बोलायला लागल्या की तीस कटर एकदम चालू असायचे, टिकटिक टिकटिक, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसं. मॅडम म्हणायच्या, "बहनो, मेसेज आया तो पहले रुको. किसने भेजा, कब का है, कहाँ का है, और मुझे भेजकर किसको क्या मिलेगा. चार सवाल."

मागून कोणीतरी म्हणायचं, "चार सवालमा तर मनी एक साडी हुई जास."

"आणि नवऱ्याचा मेसेज आला तर विचारायचं का हो, किसने भेजा?"

"त्याले विचार, कोणाले धाडाना व्हता म्हनीसन."

शेड हसायची. मॅडमना अहिराणी कळायची नाही, पण त्याही हसायच्या. सुमनबाई या सगळ्यांच्या पुढे बसायच्या. त्या लिंबायतकडच्या, मूळच्या पारोळ्याजवळच्या. मार्केटमधून साड्यांची पोटली आणायची, गल्लोगल्ली बायकांना काम वाटायचं, झालेलं गोळा करून परत पोचवायचं, हा त्यांचा धंदा. चालून चालून पिंडऱ्या पुरुषासारख्या झालेल्या. कुठल्या घरात कोण आजारी, कोणाच्या पोरीचं कुठे जमतंय, सगळं त्यांना ठाऊक. मी त्यांना मावशी म्हणायचे.

मॅडमचा एक नियम होता. शिकवताना खरी अफवा दाखवायची नाही. दाखवली की ती आणखी पसरते. म्हणून नमुना स्वतः तयार करायचा, कोणाचं नुकसान होणार नाही असा. नियम शहाणपणाचा होता. आजही मला त्यात चूक काढता येत नाही.

नमुन्यासाठी फोटो हवा होता. मावशी म्हणाल्या, मना काढ. मोहरी रंगाची साडी, डोक्यावर पोटलं, एक हात वर, मागे शेडचा निळा पत्रा. "चांगला काढ व माय, सोयरासले धाडसू." मॅडमनी संमतीपत्रावर सही घेतली. मावशी सही सावकाश करायच्या, प्रत्येक अक्षरानंतर पेन उचलून बघायच्या.

मजकूर मी लिहिला. सावधान. ही बाई पोटल्यातून मुलं नेते. आपल्या भागात फिरतेय. दिसली तर पकडून ठेवा.

वर लाल पट्टी टाकली: हा नमुना आहे, हे खोटं आहे. खाली निळी पट्टी, तिच्यात चार सवाल आणि कॉलेजचं नाव. "पकडून ठेवा" हे मॅडमच्या मसुद्यात नव्हतं. ते माझं. वाचणाऱ्याला काही करायला सांगितल्याशिवाय पत्रक संपवू नये, हे मला कळत होतं. मॅडम वाचून म्हणाल्या, "बहुत असली लगता है." मला ते फार आवडलं. त्या दुपारी मी रस प्यायले, चालत घरी गेले, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. सोबत लिहिलं, आमचं नवीन पत्रक. आत्याने अंगठा पाठवला. मामाने हात जोडले.

मावशी नेहमीच्या गल्ल्यांमध्येच राहिल्या असत्या तर काही झालं नसतं. तिथे त्यांना कुत्रीसुद्धा ओळखायची. पण त्या महिन्यात काम वाढलं होतं, म्हणून त्यांनी पर्वत पाटियाच्या मागे नवी गल्ली धरली होती. तिसरीच फेरी. व्हिडिओत पहिल्यांदा आवाज ऐकू येतो, "हीच आहे, फोटोतली हीच." मग पोटलं खाली ओढलेलं दिसतं. गाठ कोणी सोडत नाही, ब्लेडने कापड फाडतात. आतून साड्या, गुलाबी, जांभळ्या, मेंदी, धुळीत. एक माणूस त्या पायाने चाळतो. कमरेच्या पिशवीत कटर सापडतो. तो वर धरून कोणी म्हणतं, "देखो, हथियार." ज्या बायका हे बघत उभ्या होत्या त्यांच्यातल्या अर्ध्या जणींच्या घरात तसाच कटर असणार. एकीनेही म्हटलं नाही की हा कटर आहे.

मारलं ते बायकांनीच मारलं. मावशी हात जोडत नाहीत, ओरडत नाहीत. एकदा फक्त म्हणतात, "साड्या उचला, मालकना शेतस." पोलीस आले, त्यांनी बाहेर काढलं, ओळखपत्र बघितलं, संध्याकाळी घरी सोडलं. कानातलं ओढल्याने कानाची पाळी फाटली होती. तीन टाके.

मला कळलं तेव्हा मी कॉलेजच्या पायऱ्यांवर होते. वर्गातल्या पोरीने फोन पुढे धरला, "हे तुमचंच ना?" फोटोत मोहरी साडी होती, पोटलं होतं, माझी चार वाक्यं होती. वर पट्टी नव्हती. खाली पट्टी नव्हती. मी रडेन असं तिला वाटलं असावं, तिने पाण्याची बाटली काढली. मी पाणी प्यायले. बाटली परत दिली. झाकण नीट लागलंय का ते बघितलं.

मग मी शोधायला लागले. राग कोणावर तरी काढायचा होता, आणि त्यासाठी माणूस हवा होता. मॅडमनी शिकवलं होतं तसंच, मागे मागे जायचं. तुम्हाला कोणी पाठवलं? दाखवा. त्यांना कोणी? तीन दिवस मी गोडादरा, लिंबायत, उधना करत फिरले. बायका फोन दाखवायच्या, वाईट वाटायचं त्यांना. एक म्हणाली, "अरे, आम्ही चांगल्यासाठीच टाकलं ना, ताई." मी मनात पत्रक लिहीत होते. कोणी मुद्दाम पट्ट्या काढल्या, कोणाला वस्ती पेटवायची आहे, कोण याच्या मागे आहे. शीर्षकही ठरलं होतं. प्रत्येक फोटोखाली एक ओळ जशीच्या तशी येत होती: माझी मुलगी कॉलेजात आहे, तिच्याकडून आलंय. काळजी घ्या ताई. ही ओळ मी सात फोनांत वाचली आणि मला काहीही सुचलं नाही. आठव्या फोनात पाठवणारीचं नाव दिसलं. त्या बाईने ते नुसतं साडीवाली असं साठवलं होतं. खालचा नंबर मला पाठ होता. शाळेच्या अर्जावर मी तो दर वर्षी लिहीत आले.

आमची आई साड्या विकते, फोनवर. डिंडोलीत दर दोन घरांमागे एक बाई विकते. मार्केटचा व्यापारी फोटो टाकतो, वर त्याच्या दुकानाचं नाव, खाली त्याचा नंबर. ते तसंच पुढे पाठवलं तर गिऱ्हाईक थेट व्यापाऱ्याला फोन करेल. म्हणून फोटो आला की आधी वरची पट्टी कापायची, खालची पट्टी कापायची, मग पाठवायचा. आई दिवसाला शंभरेक फोटो असे कापते. चपाती भाजताना कापते, एका अंगठ्याने. बघतही नाही. सुरतेत हजारो बायका हेच करतात, पट्टीत काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही, पट्टी वाचायची नसतेच. पट्टी म्हणजे दुसऱ्याचं नाव.

आणि आम्ही खरं ते पट्टीत लिहिलं होतं. शेडमध्ये बसून, आजूबाजूला तीस बायका, त्यातल्या निम्म्या फोनवर साड्या विकणाऱ्या, आणि आम्ही कोणालाच विचारलं नाही की फोटो आला की तुम्ही आधी काय करता. चार सवाल त्यांना शिकवले. आम्ही त्यांना एकही विचारला नाही.

मी घरी आले तेव्हा आई कोथिंबीर निवडत होती. मी म्हटलं, "आई, तो फोटो तू पाठवलास."

"कोणता?"

"पोटल्यावाल्या बाईचा."

"हा, मी धाडा ना. तुना ग्रुपवरला." ती काड्या वेगळ्या करत राहिली. "बाया म्हने बरं करं सांगं."

"त्याला वर पट्टी होती."

"व्हती. कापी टाकी. पट्टी ठेवी तर माल दुसराना दिखस."

"पट्टीत लिहिलं होतं की हे खोटं आहे."

तेव्हा तिने वर बघितलं. मग म्हणाली, "तुनाकडून उनं व्हतं. तू खोटं धाडशी का?"

मला त्या क्षणी काय वाटलं हे लोक विचारतील. काही वाटलं नाही. कोथिंबिरीचा वास येत होता. पप्पा दुपारपाळीवरून यायचे होते. मी आईला कानाबद्दल सांगितलं, टाक्यांबद्दल सांगितलं, ती पदराने तोंड दाबून बसली. मग मी म्हटलं, आता सगळ्या ग्रुपवर लिही की मी पाठवलं ते खोटं होतं.

आई म्हणाली, "मी डिलीट करी टाकसू."

"डिलीट नको. लिही."

"लिखं तर बाया म्हनतीन, हिनं बाकीनं बी खोटंच. कोण लेई मग साडी?"

मी तिच्याशी भांडले का? नाही. मी घरच्या ग्रुपवरून मी टाकलेला फोटो डिलीट केला. तिथे मीही लिहिलं नाही. आत्या, मामा, सगळ्यांना माझं कॉलेज फार मोठं वाटत होतं.

मॅडमबरोबर मी मावशींकडे गेले. एका खोलीचं घर, कॉटवर त्या भिंतीला टेकून. कानाला पट्टी. मॅडम कॉटच्या कडेला बसल्या, त्यांचा हात हातात घेतला, त्यांचे डोळे भरले होते, खोटं नाही. "सुमनबेन, हमारी नीयत साफ थी."

"नीयत माले दिखस बाई," मावशी म्हणाल्या. "मना फोटो कितला फोनमा शे, ते सांगा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी भाषांतर केलं. पट्टी माझ्या आईने कापली, हे मी तेव्हा सांगितलं नाही. सांगता आलं असतं. आम्ही चहा प्यायलो, मावशींनी मलाच ठेवायला लावला, साखर कुठल्या डब्यात ते कॉटवरून सांगितलं.

नंतर मार्केटमधल्या शेठने त्यांना सांगितलं, "बेन, हमणां रेवा दो." सध्या राहू द्या. ते सध्या अजून संपलेलं नाही.

मॅडमनी दुरुस्तीचं पत्रक काढलं. या वेळी पट्टी नाही, अक्षरं थेट फोटोभर, कापता येऊ नयेत अशी. चांगलं होतं. आम्ही ते सगळ्या वस्त्यांत पाठवलं. कोणी पुढे ढकललं नाही. त्याने कोणी घाबरत नव्हतं, मग कशाला ढकलेल? प्रकल्पाचा अहवाल झाला, त्यात एक वाक्य आहे: एका नमुन्याचा अनपेक्षित प्रसार झाला. मावशींचं नाव नाही, त्यांची ओळख जपायची म्हणून. सगळ्या सुरतेला चेहरा पाठ आणि अहवालात ओळख जपलेली. मी त्या अहवालाखाली सही केली. सही भरभर केली.

या मार्चमध्ये फोटो परत आला. आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर. मजकूर आता हिंदीत आहे, शहर दुसरंच लिहिलंय. इतक्या वेळा कापला गेलाय की मावशींचा वरचा हात निघून गेला, पोटल्याचा तुकडा तेवढा राहिलाय, आणि मोहरी रंग हिरवट झालाय. चेहरा मात्र स्वच्छ आहे. खाली बायकांचे जोडलेले हात, घाबरलेले चेहरे, "बापरे, आपल्याकडे आली का."

गेल्या आठवड्यात मी सचिनला गेले. मावशी तिथे एका युनिटमध्ये साड्यांच्या घड्या घालतात, आत बसून. सुरतेच्या पोरी स्कूटीवर ओढणीने तोंड बांधतात तसं त्यांनी पदराने बांधलं होतं, फक्त डोळे उघडे. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्या, शेवग्याच्या सावलीत बसल्या, तरी सोडलं नाही. घास घ्यायचा तेवढा पदर खाली, परत वर.

"ऊन लागत नाही इथे, मावशी."

"उनसाठे नही बांधेल." मग हसल्या, म्हणजे डोळे हसले. "येक फायदा शे. मनी धाकली पोर म्हनस, माय, तू कॉलेजनी पोर दिखस."

मी सांगितलं. पट्टी कोणी कापली, ओळ कोणी लिहिली, मी दोन वर्षं गप्प का बसले. एका दमात, पत्रक वाचून दाखवावं तसं. त्यांनी डबा बंद केला. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. मला वाटलं शिव्या देतील, मी तयार होते, तयार होणं मला जमतं.

"तुनी मायनी नंतर लिखं का? का ते खोटं व्हतं म्हनीसन?"

"नाही."

"तू?"

"नाही. मॅडमनी पत्रक काढलं होतं, कॉलेजचं."

"मॅडमले कोण वळखस व माय," त्या म्हणाल्या. "ज्यानी धाडं त्यानीच सांगाले पाहिजे. बायासनी तुनी मायवर इस्वास ठेवा व्हता. तिनावर ठेवा, तुना कॉलेजवर नही." भोंगा झाला. उठताना गुडघ्यावर हात ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "माले गल्लीमा चालनं शे. बस."

घराघरांत बसून पोटलं सोडायचं, कोणाचा चहा, कोणाची कुरबुर, पुढच्या दारात "झालं का गं" म्हणत उभं राहायचं, एवढंच त्यांना परत हवंय. ते कॉलेज देऊ शकत नाही, पोलीस देऊ शकत नाहीत. ते ज्यांच्या अंगठ्यांनी नेलं त्यांच्याकडेच आहे.

मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, सचिनहून येताना बसमध्येच. तो मजकूर मी रचला होता, तो खोटा होता, ती बाई साड्यांचं काम वाटते, तिचं नाव सुमन. नाव मी त्यांना फोनवर विचारून लिहिलं. आत्याने काही पाठवलं नाही. मामा ग्रुप सोडून गेला. आईने वाचलं, निळी खूण आली. अजून तिने तिच्या बायकांना लिहिलेलं नाही. फोन हातात घेते, उघडते, परत खाली ठेवते आणि भाकरीला लागते. मी तिला रोज एकदा म्हणते. रागाने नाही, पाणी भरलं का विचारावं तसं.

तुम्हीही पाठवलंय. पोटल्यावालीचा फोटो नसेल, दुसरं काही असेल. कुठल्या तरी फेरीवाल्याचं, कुठल्या तरी डॉक्टरचं, कुठल्या तरी वस्तीचं. नंतर कळलं की खोटं आहे, आणि तुम्ही डिलीट केलंत, किंवा तेही केलं नाहीत, वर सरकवलंत. ते कुठल्या ग्रुपवर होतं हे तुम्हाला आठवतंय. हा लेख इथेच ठेवा, तो ग्रुप उघडा, आणि तिथे लिहा: मी पाठवलेलं ते खोटं होतं. खाली स्वतःचं नाव लिहा.